चला, पंगत मांडू या!

शनिवारची सकाळची शाळा सुटते. दप्तर कोपऱ्यात पडतं, बूट दाराशी आणि पाठोपाठ घरोघरी एकच आरोळी उठते, "आई, भूक लागली!" मुलांनो, येत्या शनिवारी ही आरोळी ठोकण्याऐवजी आपणच काही करून पाहिलं तर? आणि ते खायला शेजारचे दोन मित्र, वर्गातली एखादी नवी मैत्रीण अशा चारजणांना बोलावलं तर?

"बाई, आम्हाला कुठं येतो स्वयंपाक?" माझ्या चौथीच्या वर्गातली मुलं लगेच म्हणतात.

मी विचारते, "भेळ कालवता येते?"

"हो!"

"काकडी किसता येते? लिंबू पिळता येतं? दाण्यांची सालं पाखडता येतात?"

"हो, हो!"

"मग अर्धा स्वयंपाक तुम्हाला येतो. उरलेला अर्धा धीराचा असतो, तो हळूहळू येईल."

आजचे सगळे पदार्थ तुम्हाला जवळजवळ विस्तवाशिवाय करता येतील. जिथे दूध तापवायचं असेल किंवा सुरी धरायची असेल, तिथे घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. आणि मुलग्यांनो, "हे मुलींचं काम" असं म्हणून पळू नका. लग्नाच्या पंगतीतला आचारी कोण असतो, आठवा बरं!

हळदीची निमंत्रणपत्रिका

पाहुणे बोलवायचे, तर निमंत्रण हवं. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, जाड पांढऱ्या कागदावर लावा आणि कागद वाळवा. आता साबणाचं पाणी करून त्यात काडी बुडवा आणि पिवळ्या कागदावर लिहा, 'शनिवारी जेवायला या.' अक्षरं लालभडक उमटतील!

याचं कारण हळदीतल्या रंगद्रव्यात आहे. साबण किंवा सोडा असा अल्कधर्मी पदार्थ लागला, की हळदीचा रंग लालसर होतो. त्यावर लिंबाचा थेंब टाका, पुन्हा पिवळा! शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडतो आणि साबण लावल्यावर तो लाल होतो, त्याचंही गुपित हेच. आईला वाटतं डाग वाढला. तिला आता तुम्हीच समजावून सांगा.

तीन वाट्या दुधाच्या

पंगतीला दही लागणार, म्हणून हा प्रयोग आदल्या रात्रीच करायचा. तीन सारख्या वाट्या घ्या. एकीत अगदी उकळतं दूध मोठ्यांकडून ओतून घ्या. दुसरीत कोमट, म्हणजे स्वच्छ बोट बुडवलं तर सुखानं ठेवता येईल इतपत. तिसरीत फ्रिजमधलं गार दूध. तिन्हींत अर्धा अर्धा चमचा विरजण घालून ढवळा. पहिल्या दोन झाकून ओट्यावर ठेवा, तिसरी परत फ्रिजमध्ये.

सकाळी पाहा. कोमट दुधाचं दही छान लागलेलं असेल, बाकी दोन वाट्यांनी मात्र दगा दिलेला असेल. विरजणात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि तिचं आम्ल करतात. त्या आम्लामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात आणि दूध घट्ट होतं. उकळत्या दुधात हे जिवाणू मरतात. फार गारव्यात ते जिवंत राहतात, पण त्यांचं काम जवळजवळ थांबतं. म्हणूनच थंडीत आजी दह्याचं भांडं कपड्यात गुंडाळून किंवा पिठाच्या डब्यात ठेवते. आजीनं जिवाणू कधी पाहिले नाहीत, पण त्यांना काय सोसतं ते तिला पक्कं ठाऊक आहे.

इथेच प्रयोगाचा एक नियम शिकून घ्या. दूध तेच, विरजण तेवढंच, वाट्याही सारख्या. बदललं ते फक्त तापमान. एका वेळी एकच गोष्ट बदलली, की फरक कशामुळे पडला ते नेमकं कळतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर पदार्थ कदाचित छान होईल, पण का झाला हे सांगता येणार नाही.

उरलेल्या पोळीचा लाडू

रात्रीच्या चार पोळ्या उरल्यात? त्या हातानं कुस्करा. त्यात अर्धी वाटी किसलेला गूळ आणि दोन चमचे पातळ तूप घालून चांगलं मळा आणि लाडू वळा. झाला पदार्थ!

आता यात प्रयोग करा. मिश्रणाचे तीन भाग करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात दाण्याचं कूट घाला, तिसऱ्यात चिमूटभर सुंठ. कुणाला काय आवडलं ते वहीत लिहा. आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्यानं गुळाऐवजी चिवडा मसाला घालून तिखट लाडू केला होता. तो वळेचना, कारण गुळाचा चिकटपणाच त्यात नव्हता! लाडू फुटला तो फुटला, मुलांनी त्यावर कांदा आणि लिंबू घालून तो भेळेसारखा फस्त केला.

कांद्यावरून आठवलं. तो रडवतो का? कांदा चिरला, की त्याच्या पेशी फुटतात. एरवी वेगवेगळ्या ठेवलेल्या त्यातल्या द्रव्यांची गाठ पडते आणि गंधकयुक्त वायू तयार होतो. तो डोळ्यांना झोंबला, की डोळे पाणी सोडून त्याला धुऊन काढतात. कांदा आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला आणि सुरी धारदार असली, तर रडू कमी येतं. धारदार सुरी मात्र मोठ्यांच्याच हातात.

झाकणाआडची भाकरी

आता पदार्थ बाजूला ठेवू आणि ते खाणाऱ्यांकडे पाहू. आमच्या शाळेत शनिवारी छोट्या सुट्टीत घरचे डबे उघडतात. काही वर्षांपूर्वी ऊसतोडणीच्या हंगामात एक मुलगी आमच्या वर्गात आली. तिचे आईवडील फडावर पहाटेपासून राबायचे. ती भिंतीकडे तोंड करून जेवायची आणि डब्याचं झाकण उभं धरून आडोसा करायची. मागे बसणाऱ्या कुणीतरी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुझ्या डब्यात फक्त भाकरी?"

त्या 'फक्त'नं तिला भिंतीकडे वळवलं होतं.

मी त्यावर भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रश्न लिहिला, 'बाजरीची भाकरी थापताना का मोडते?' घरी विचारून या, म्हटलं. उत्तरं आली. "पीठ जुनं झालं की विरी जाते." "गार पाणी घेतलं म्हणून." "नीट मळलं नाही म्हणून." सगळी बरोबर! गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. त्यामुळे कणीक रबरासारखी ताणली जाते आणि पोळी लाटता येते. बाजरीत ते नसतं. म्हणून पाणी गरम घ्यायचं, पीठ ताजं घ्यायचं आणि तळहातानं रगडून रगडून मळायचं. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश बराच असतो, त्यामुळे ते ठेवलं की लवकर कडू होतं.

"मग आता करून कोण दाखवणार?" मी विचारलं. वर्ग गप्प. थोड्या वेळानं भिंतीकडून आवाज आला, "बाई, मला येती."

शाळेतल्या खिचडीच्या चुलीवर, स्वयंपाकाच्या मावशींना शेजारी बसवून, शनिवारी तिनं भाकरी थापली. हात परातीत गरगर फिरत होते आणि भाकरी चंद्रासारखी मोठी होत होती. तव्यावर पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर धरली. भाकरी टम्म फुगली आणि पंचवीस पोरं एकदम ओरडली, "फुगली!" मग प्रत्येकाला थापून पाहायची होती. कुणाची भारताच्या नकाशासारखी झाली, कुणाची हातातच राहिली. ती नऊ वर्षांची पोर सगळ्यांना सांगत होती, "दाबू नगंस, नुसती फिरव."

त्या दिवसापासून डब्याच्या वेळी 'फक्त' हा शब्द आमच्या वर्गात बंद झाला. कुणी डब्याला नाक मुरडलं, तर बाकीची मुलंच त्याला आठवण देत. मार्चअखेर फड संपला आणि ती गावी गेली. पण गेली तोवर तिच्या डब्याचं झाकण पुन्हा उभं राहिलं नाही. त्या झाकणात कुणाची चटणी, कुणाची साखरेची दशमी, कुणाची ईदची शेवई असायची.

राजाचा चहा

कुणी कुणाबरोबर खायचं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आणि फार दुखरा आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांची गोष्ट ऐका. गंगाराम कांबळे यांना, ते अस्पृश्य मानलेल्या जातीचे म्हणून, पाण्याच्या हौदाला हात लावल्याबद्दल मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. पण लोक तिथे पाऊल टाकेनात. तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा मागवू लागले आणि सोबतच्या मंडळींनाही तोच चहा देऊ लागले. राजानंच कप तोंडाला लावल्यावर इतरांनी नाही कसं म्हणायचं?

आज शाळेत आपण सगळे एका रांगेत बसून खिचडी खातो. या योजनेची देशभर सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ रोजी झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांमधून शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं. उपाशी पोटी अभ्यास होत नाही, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण त्या रांगेत बसल्यावर कळतं. तिथे सगळ्यांची ताटली सारखीच असते.

आठजणांचा काला

वारकऱ्यांच्या सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनानं होते. कृष्णानं आणि गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालवल्या, कुणाची कोणती ते उरलंच नाही, ही त्यामागची कल्पना. आपल्या पंगतीला याहून चांगला पदार्थ कोणता?

साहित्य : जाड पोहे ३ वाट्या, ज्वारीच्या लाह्या २ वाट्या, दही ३ वाट्या, दूध अर्धी वाटी, चार-पाच तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ अर्धी वाटी, एक काकडी, एका डाळिंबाचे दाणे, थोडं किसलेलं आलं, लिंबाचं लोणचं २ चमचे, कोथिंबीर, मीठ, साखर.

कृती : पोहे धुऊन निथळून दहा मिनिटं ठेवा. दही-दूध घुसळून त्यात मीठ, साखर, आलं, लोणचं घाला. पोहे, डाळ, काकडीच्या फोडी आणि डाळिंबाचे दाणे कालवा. लाह्या अगदी शेवटी घाला, नाहीतर मऊ पडतील. कोथिंबीर पेरा आणि लगेच वाढा. हे साहित्य एकानं आणायचं नाही. एका घरून पोहे, दुसऱ्या घरून दही, तिसऱ्या घरून काकडी. ज्याच्या घरी काही नसेल, त्यानं कालवायचे हात आणायचे.

पंगतीचे चार नियम

१. हात स्वच्छ धुतल्याशिवाय कुणी भांड्याजवळ यायचं नाही.

२. जो पदार्थ आवडत नाही, तोही एक घास चाखायचा. कुणाला एखादी गोष्ट चालत नसेल, घरचा नियम असेल किंवा दाण्यांसारख्या पदार्थाचा त्रास होत असेल, तर आग्रह करायचा नाही.

३. पानात लागेल तेवढंच घ्यायचं, पुन्हा घेता येतं.

४. खाऊन झालं, की भांडी घासूनच घरी जायचं. मुलगे आणि मुली, दोघांनीही.

आई-बाबांशी दोन शब्द

ओट्यावर थोडं सांडेल, एखादी वाटी फुटेल. सांडू द्या. पोहे मोजताना मूल अपूर्णांक शिकतं, दह्याची वाट पाहताना धीर शिकतं. आणि मूल कुणाला घरी घेऊन आलं, तर 'कुणाचा कोण' हे विचारण्याआधी 'जेवलास का रे?' असं विचारा. मुलं आपलं ऐकतात त्यापेक्षा जास्त आपल्याकडे पाहत असतात.

मुलांनो, वहीत पहिल्या पानावर तारीख घाला. पदार्थ लिहा, काय बदललं ते लिहा. आणि शेवटी एक ओळ सोडा : 'आज पंगतीला नवीन कोण होतं?' दर शनिवारी त्या ओळीत एक नवं नाव आलं पाहिजे. लागा तर कामाला. विरजण आज रात्रीच लावायचंय!