पोरांच्या प्रदर्शनाला एकदा जाऊन या

लहानपणी तुम्ही ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी नक्की केली असेल. काटे टोचून चिपाडं जोडायची आणि अंगणभर ओढायची. घरची माणसं म्हणायची, "अभ्यास सोडून हा काय उद्योग मांडलाय?" त्याच उद्योगाला आता शाळेत मंडप, टेबल आणि बक्षीस मिळतं. त्याला म्हणतात विज्ञान प्रदर्शन.

आपल्या बीड जिल्ह्यात साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला तालुक्या-तालुक्यांत ही प्रदर्शनं भरतात. तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला मुलांची निवड होते. गुरुजी निरोप धाडतात, पण आपण म्हणतो, "आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

वाचकहो, कळतं! एखाद्या टेबलावर कुंडीतल्या मातीत दोन तारा खोचलेल्या दिसतील. ओल्या मातीतून वीज सहज जाते, वाळलेल्या मातीतून जात नाही. एवढ्या साध्या गोष्टीवरून ते यंत्र माती सुकली की छोटा पंप सुरू करतं आणि भिजली की बंद करतं. तिथं तुम्ही विचारायचं, "बाळा, आमची लाईट रात्री येते, तेव्हा हे काय करील? काळ्या रानाला भेगा पडल्यावर तारा उघड्या पडल्या तर?" हे प्रश्न पुस्तकात नाहीत, तुमच्याजवळ आहेत. पोरगं त्यावर विचार करील आणि पुढल्या खेपेला यंत्र सुधारून आणील.

काही वस्तू नुसत्या बघायच्या नसतात, त्यांना हात लावायचा असतो. एका हातात तार धरा, दुसऱ्या हाताचं बोट कागदावरच्या चित्राला लावा, की आवाज निघतो! यात जादू नाही. शिसपेन्सिलीच्या गडद रेघेतून थोडी वीज वाहते, आपल्या अंगातूनही अगदी नखभर वाहते. तेवढ्या इशाऱ्यावर यंत्र बोलतं. हे लहान सेलवर चालतं, म्हणून धोका नसतो. घरातल्या लाईटच्या तारांशी मात्र असा खेळ कधी करू देऊ नका.

खर्चाची धास्ती घेऊ नका. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेत शाळेला मुलांच्या कल्पना पाठवता येतात. निवड झाली तर नमुना करण्यासाठी मुलाच्या बँक खात्यात १०,००० रुपये जमा होतात. २०१६ साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून निवडक शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिलं गेलं. आपली शाळा त्यात आहे का, हे हेडमास्तरांना जरूर विचारा.

खेड्यात असं काही होत नाही, असंही समजू नका. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. मुलांनी हातानं काम करत शिकावं, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या नामांकित एमआयटी संस्थेच्या कल्पनेतली भारतातली पहिली 'फॅब लॅब' २००२ साली शहरात नव्हे, या पाबळला उभी राहिली.

आता मनाला लागणारी गोष्ट. प्रदर्शनं भरतात तेव्हा आपली हजारो कुटुंबं उचल घेऊन कोयत्यावर गेलेली असतात. दसरा-दिवाळीला गेलेली बिऱ्हाडं मार्च-एप्रिलला परततात. ज्या पोराचा हात सर्वांत कसबी, तेच त्या दिवशी फडात वाढं गोळा करत असतं. त्याचं टेबल रिकामंच राहतं.

आई-बापाला हौस म्हणून कोणी पोरं फडात नेत नाही, हे खरं. पण गाडी भरण्याआधी एकदा शाळेत जा. हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही मंजूर झाली आहे. आजी-आजोबा गावात असतील, तर प्रदर्शनाला त्यांनी जावं.

टेबलामागं उभं असलेलं पोर गर्दीत घरचं माणूस शोधत असतं. वाचकहो, यंदा त्याला ते दिसू द्या.