अनपेक्षित आलेल्या चौकशांस उत्तर द्यावें कीं नाहीं?

वाशीम जिल्ह्यांतील रिसोड तालुका, आणि त्यांतलें रिठद व त्याच्या आसपासचीं गांवें, हा सोयाबीन, तूर व हरभरा पिकविणारा टापू आहे. जेथें विहिरीला पाणी आहे तेथें हळदही होते. येथील शेतकऱ्याचा माल बहुधा रिसोड किंवा वाशीम येथील बाजारसमितींत जातो, आणि त्या दिवशीं निघेल तो भाव घेऊन शेतकरी घरीं परततो. या रीतींत पालट व्हावा म्हणून शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या निघाल्या. २००२ सालीं कंपनी कायद्यांत दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांस मार्ग मोकळा झाला, व २९ फेब्रुवारी २०२० रोजीं केंद्र सरकारनें दहा हजार उत्पादक संघ उभे करण्याची योजना सुरू केल्यापासून खेडोपाडीं त्यांच्या पाट्या दिसूं लागल्या. कंपनी निघाली म्हणजे पाटी, शिक्का व पावतीपुस्तक यांच्या जोडीला एक संकेतस्थळही निघतें. उद्घाटनाच्या दिवशीं त्याचें कौतुक होतें. पुढें तें करणारा तरुण नोकरीनिमित्त शहरांत जातो, आणि त्या स्थळाकडे कोणी फिरकत नाहीं.

परंतु तें स्थळ बंद झालेलें नसतें. दुकानाचें दार उघडें व गादीवर माणूस नाहीं, अशी ती स्थिति असते. कोणी हळद शोधतो, कोणी बियाणें शोधतो. शोध घेतां घेतां तो त्या दारांतून आंत येतो व चौकशीच्या रकान्यांत आपलें नांव, ई-मेलचा पत्ता, फोन आणि हवा असलेला माल लिहून निघून जातो. समजा, अशाच एखाद्या मंडळाच्या नव्या चिटणीसानें दीड वर्षानंतर ती पेटी उघडली आणि आंत साठ-सत्तर पत्रें निघालीं. कोणास हळकुंडें हवीं आहेत, कोणास घरच्यापुरती गांवरान तुरीची डाळ हवी आहे, कोणी शेजारच्या जिल्ह्यांतील शेतकरी मृगापूर्वीं सोयाबीनच्या बियाण्याविषयीं विचारतो. आतां या सर्वांस लिहावें कीं नाहीं? कार्यकारी मंडळाच्या बैठकींत एक सभासद म्हणेल, घरीं चालून आलेलीं गिऱ्हाइकें आहेत, आजच सर्वांस एक पत्र धाडा. दुसरा म्हणेल, इतक्या उशिरां लिहून हंसें करून घेण्यापेक्षां तीं पत्रें पुसून टाका.

आमच्या मतें दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. ज्यानें आपणांस कांहीं विचारलें, त्याचें एका उत्तराचें देणें आपल्याकडे निघतें. तें देणें फेडावें. परंतु त्यानें एक प्रश्न विचारला म्हणून त्याचें नांव कायमचें आपल्या यादींत घालून त्यास दर आठवड्याला जाहिराती धाडण्याचा हक्क आपणांस मिळत नाहीं. पूर्वीं टपालानें सूचीपत्र मागविणाऱ्यास सूचीपत्र जात असे. त्याचा पत्ता मिळाला म्हणून गांवांतील प्रत्येक व्यापाऱ्यानें त्यास पत्रें लिहावींत असें कोणी मानीत नसे. साधन बदललें तरी व्यवहाराची ही मर्यादा बदललेली नाहीं.

कायदा काय म्हणतो

या बाबतींत कायद्याचाही रोख असाच आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्यें संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधनांस तेथून अठरा महिन्यांची मुदत देण्यांत आली. ज्या कामासाठीं माणसानें आपण होऊन आपली माहिती दिली, त्या कामापुरती ती वापरण्यास कायदा मोकळीक देतो. मात्र त्यानें नको म्हटलेलें नसावें. कायद्यांतच यासाठीं एक उदाहरण दिलें आहे. भाड्याचें घर शोधून द्या, असें एका माणसानें दलालास कळविलें, तर दलाल त्याची माहिती त्या कामासाठीं वापरूं शकतो. पुढें त्या माणसानें आतां घर नको असें सांगितलें कीं दलालानें तो वापर थांबविला पाहिजे. घराच्या जागीं हळद घाला, आणि आपलें प्रकरण तेंच होतें. ज्याचें काम उरलें नाहीं ती माहिती पुसून टाकण्याचें बंधनही त्याच कायद्यांत आहे. तेव्हां हळदीची चौकशी करणाऱ्यास हळदीविषयीं लिहिणें योग्य. त्याचा फोन खताच्या दुकानदारास देणें, किंवा त्यास न विचारतां व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत ओढणें अयोग्य होय.

उशिराचा परिणाम

उत्तराला उशीर झाला म्हणजे काय होतें, याची मोजदाद अमेरिकेंत झालेली आहे. २०११ सालीं हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या मासिकांत २,२४१ अमेरिकन कंपन्यांच्या पाहणीचा लेख आला होता. संकेतस्थळावर आलेल्या चौकशीस तासाभरांत उत्तर देणाऱ्या कंपन्या शेंकडा ३७ निघाल्या, आणि मुळींच उत्तर न देणाऱ्या शेंकडा २३. ज्यांनीं तासाभरांत उत्तर दिलें, त्यांचें बोलणें पुढें सरकण्याचा संभव त्याहून एक तास उशीर करणाऱ्यांच्या मानानें जवळजवळ सातपट होता. मोठमोठ्या कंपन्यांची ही तऱ्हा, तर खेड्यांतील मंडळानें लाजून गप्प बसण्याचें कारण नाहीं; पण उशिराची किंमत मोजावी लागते हें मात्र ध्यानांत ठेवावें.

शेतमालाच्या व्यवहारांत आणखी एक गोष्ट असते. ती म्हणजे हंगाम. मे महिन्यांत बियाणें मागणाऱ्यास ऑक्टोबरांत उत्तर गेलें तर त्याची पेरणीच काय, काढणीही होत आलेली असते. उलट, हळकुंडें घेणाऱ्याची गरज दरवर्षीं पुन्हा उभी राहते. म्हणून पत्रांचा गठ्ठा तारखेवरून लावावा, आणि प्रत्येक पत्राचा विचार मालाचा हंगाम पाहून करावा.

पत्रांची निवड

सर्व पत्रें एका मापानें मोजूं नयेत. आम्ही पुढीलप्रमाणें वांटणी सुचवितों.

(१) महिन्याच्या आंतलीं पत्रें : यांस त्याच दिवशीं उत्तर द्यावें. फोन दिलेला असल्यास व फोनवर बोलण्याची इच्छा लिहिलेली असल्यास फोनही करावा.

(२) महिना उलटलेलीं, पण वर्षाच्या आंतलीं पत्रें : यांस एकदांच, प्रत्येकास वेगळें पत्र लिहावें. उशिराबद्दल एका वाक्यांत दिलगिरी, त्यानें काय विचारलें होतें त्याची आठवण, आज आपल्याकडे काय आहे याची खरी माहिती, आणि अजून गरज आहे काय हा प्रश्न, एवढेंच त्यांत असावें. उत्तर आलें नाहीं तर तेथेंच थांबावें.

(३) वर्षाहून जुनीं पत्रें : विचारणाऱ्यास आपली आठवणही राहिलेली नसते. त्यानें दरसालच्या गरजेचा स्पष्ट उल्लेख केला असेल तरच एक पत्र लिहावें. बाकीचीं पत्रें पुसून टाकावींत.

(४) चौकशी नसलेलीं पत्रें : तुमचें स्थळ पहिल्या क्रमांकावर आणून देतों, तुम्हांस कर्ज मिळवून देतों, अशा मजकुराचीं पत्रें कोणत्याही पेटींत पुष्कळ सांपडतात. त्यांतील दुव्यास हात लावूं नये व त्यांस उत्तरही देऊं नये.

लिहिण्यापूर्वीं

उत्तर लिहिण्यास बसण्यापूर्वीं आपण काय देऊं शकतों हें कोठारांत जाऊन पहावें. संकेतस्थळावर उद्घाटनाच्या वेळचे भाव तसेच लटकत असतात. सोयाबीनचा हमीभाव २०२३-२४ च्या हंगामांत क्विंटलला ४,६०० रुपये होता, २०२४-२५ मध्यें ४,८९२ व २०२५-२६ मध्यें ५,३२८ झाला. दोन हंगामांत सातशें अठ्ठावीस रुपयांचें अंतर पडलें. जुना आंकडा पाहून आलेल्या माणसास नवा आंकडा सांगितला कीं त्यास आपण फसविले गेलों असें वाटतें. म्हणून आधीं स्थळावरील भाव काढावे, मग पत्रें लिहावींत.

बियाण्याच्या चौकशींत विशेष जपावें. बियाणें विकण्यास १९८३ च्या बियाणें नियंत्रण आदेशाप्रमाणें परवाना लागतो. तो नसेल तर नाहीं म्हणून कळविणें हेंच योग्य उत्तर होय. परवाना असला तरी सोयाबीनची उगवण किमान शेंकडा ७० असावी लागते. हें बियाणें नाजूक. त्याचें टरफल पातळ असतें व साठवणींत त्याची उगवणशक्ति लवकर घटते. दीड वर्षापूर्वींच्या चौकशीस दीड वर्षापूर्वींचाच साठा देऊं करणें म्हणजे दुसऱ्या शेतकऱ्याचा हंगाम बुडविणें होय. हळदीची पूड किंवा डाळ पाकिटांत भरून देणार असल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आंकडी क्रमांक आपल्याकडे असल्याची खातरी करून घ्यावी व तो पत्रांत लिहावा.

पत्र कसें असावें

आम्ही एक नमुना देतों. त्यांत ज्यानें त्यानें आपापल्या मालाप्रमाणें फेरफार करावा.

"सप्रेम नमस्कार. आपण गेल्या फेब्रुवारींत आमच्या संकेतस्थळावरून हळकुंडांची चौकशी केली होती. आपलें पत्र वेळेवर पाहिलें गेलें नाहीं, याबद्दल दिलगीर आहों. या वर्षाचा माल शिजवून, वाळवून व पॉलिश करून तयार आहे. आपणांस अद्याप गरज असल्यास किती माल हवा व कोठें हवा तें कळवावें. नमुना व भाव उलट टपालीं पाठवूं. गरज नसल्यास उत्तर देण्याची तसदी घेऊं नये. आम्ही पुन्हां लिहिणार नाहीं व आपला पत्ता आमच्या यादींतून काढून टाकूं. कळावें, लोभ असावा."

असें पत्र प्रत्येकाच्या नांवें वेगळें जावें. साठ जणांचे पत्ते एकाच पत्राच्या माथ्यावर घालून तें धाडलें, तर प्रत्येकाचा पत्ता बाकीच्या एकूणसाठ जणांस कळतो. हा मोठा दोष आहे. दुसरें असें कीं जुन्या पत्त्यांतले पुष्कळसे बंद पडलेले असतात. एकदम गठ्ठा धाडला म्हणजे कांहीं पत्रें परत येतात, कांहीं लोक तीं नकोशीं म्हणून नोंदवितात, आणि पुढें आपलीं खरीं पत्रेंही कचऱ्याच्या पेटींत पडूं लागतात. गूगल व याहू यांनीं फेब्रुवारी २०२४ पासून याविषयीं नियम कडक केले. पत्र खरोखर त्याच स्थळावरून आलें याची तांत्रिक खूण त्यावर असावी लागते, व अशा तक्रारींचें प्रमाण हजारीं तीनच्या आंत ठेवावें लागतें. साठ-सत्तर पत्रें रोज पांच-सहा याप्रमाणें हातानें लिहिलीं तर पंधरवड्यांत काम उरकतें.

विचारणारा खरा आहे काय?

अनपेक्षित चौकशींत लबाडही असतात. एकदम पांच ट्रक हळद मागणारा, भावाची घासाघीस न करणारा व लगेच आगाऊ रक्कम धाडतों म्हणणारा भेटला तर हुरळून जाऊं नये. तो व्यापारी असेल तर त्याचा पंधरा अक्षरी जी.एस.टी. क्रमांक मागावा व सरकारी स्थळावर नांवाशीं ताडून पहावा. परदेशीं माल धाडणारा म्हणवीत असेल तर त्याचा आयात-निर्यात क्रमांकही पडताळतां येतो. पैसे येण्यासाठीं आपला गुप्त पिन कधींही घालावा लागत नाहीं. पिन घाला किंवा हा चौकोनी संकेत फोनवर टिपा असें कोणी म्हणाला कीं तो ठग समजावा. पैसे गेलेच तर विलंब न करतां १९३० या क्रमांकावर कळवावें. माल मात्र रक्कम बँकेंत जमा झाल्याची स्वतः खातरी केल्यावांचून गाडींत चढवूं नये.

पुढील व्यवस्था

एवढें झाल्यावर मूळ दोष काढला पाहिजे. मंडळानें एका व्यक्तीकडे पेटी सोंपवावी व तिच्या गैरहजेरींत दुसरी कोण पाहील तेंही ठरवावें. परवलीचा शब्द एकट्याच्या डोक्यांत न ठेवतां मंडळाच्या कपाटांत बंद लखोट्यांत ठेवावा. आवक-जावक बारनिशींत कागदी पत्रांप्रमाणेंच या चौकशांचीही नोंद व्हावी : आली केव्हां, उत्तर गेलें केव्हां, काय ठरलें. स्थळाच्या नांवाची मुदत दरसाल भरावी लागते. ती चुकली तर तेंच नांव दुसरा कोणी घेऊं शकतो, आणि मग आपल्या नांवानें आलेल्या चौकशा त्याच्या हातीं पडतात. ज्या मंडळास हें सर्व झेपत नाहीं त्यानें चौकशीचा रकाना काढून टाकावा व फक्त कचेरीचा पत्ता आणि भेटण्याची वेळ ठेवावी. त्यांत कमीपणा नाहीं.

शेतकऱ्याचा माल थेट घेणारा माणूस मिळणें दुर्मिळ आहे, म्हणून अशीं पत्रें मोलाचीं आहेत. तथापि त्यांपैकीं बहुतेकांचा व्यवहार जुळणार नाहीं हें आधींच धरून चालावें. साठांपैकीं चार-पांच जुळले तरी तीं चार-पांच घरें दरसाल माल घेतील व शेजाऱ्यासही सांगतील. बाकीच्यांस निदान इतकें कळेल कीं या गांवचें मंडळ विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतें आणि विनाकारण त्रास देत नाहीं. पुढच्या हंगामांत त्यांना माल लागेल तेव्हां हीच गोष्ट त्यांच्या स्मरणांत राहील. मंडळांच्या चालकांनीं येत्या बैठकींत हा विषय घ्यावा, पेटी उघडावी, आणि पहिलें उत्तर त्याच दिवशीं लिहावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.