हातात आलेलं कोडं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दसऱ्याला आपण एकमेकांच्या हातावर आपट्याचं पान ठेवतो आणि 'सोनं घ्या' म्हणतो. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं की हे पान आहे. तरी नुसतं तोंडी 'सोनं दिलं' म्हणून भागत नाही, तळहातावर काहीतरी पडावं लागतं. भातुकलीचंही तसंच. भात खोटा असतो, पण पितळेचं इवलंसं पातेलं खरं असतं.

पनवेल तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी, या झाडाच्याच नावाचं एक गाव आहे, आपटा. त्या गावाच्या रेल्वे स्थानकानंही एकदा सोंग घेतलं होतं. १९९५च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'मध्ये शेवटी आगगाडी सुटते ते स्थानक पंजाबातलं म्हणून आपण पाहिलं. प्रत्यक्षात ते आपटा. गोष्ट खोटी, फलाट खरा. आज मला ज्या खेळाबद्दल सांगायचं आहे, त्याची सगळी गंमत या एका जोडीत आहे.

हा खेळ म्हणजे रोल प्लेइंग गेम. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. आपण सतरंजीवर बसू, काही बिघडत नाही. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: 'संध्याकाळ झाली आहे, समोर बंद दरवाजा आहे, काय करता?' बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं आणि पात्राच्या वतीनं ते उत्तर देतात. जमलं की फसलं, हे बहुधा फासे ठरवतात. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला आणि या प्रकाराला छापील नियम मिळाले. १९७८च्या 'टूम ऑफ हॉरर्स' या साहसकथेबरोबर खेळाडूंना दाखवायला चित्रांची वेगळी पुस्तिका होती. १९८१च्या 'कॉल ऑफ क्थुल्हू'नं तर जुनी पत्रं आणि वर्तमानपत्रांची कात्रणं खेळाडूंच्या हातात ठेवण्याचा पायंडाच पाडला. नाटकवाले ज्याला प्रॉपर्टी म्हणतात, तीच ही. फक्त ती उघडावी, वाचावी, जुळवावी लागते. म्हणजे ती स्वतःच एक कोडं असते.

आता हे सगळं मी रेडिओवर सांगतो आहे, तेव्हा हातातली वस्तू तुम्हाला दाखवायची सोय नाही. आपण एक खेळ मनातल्या मनात बेतू. आपट्याजवळच कर्नाळा आहे, तो अंगठ्यासारख्या सुळक्याचा किल्ला. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत तो होता आणि १६७०मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. इतका इतिहास पक्का. आपली गोष्ट त्या वर्षातली, पण कल्पनेतली: आपट्याच्या चौघांना गडावरचा निरोप खाली आणायचा आहे. एक कारकून, एक गुराखी, एक लोहार आणि एक नावाडी.

पहिली वस्तू म्हणजे मोडीतलं पत्र. मोडी ही आपल्याला घरबसल्या मिळालेली कोड्याची खाण आहे. आधी सबंध ओळीची रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे अक्षरं ओळखली तरी शब्द कुठे तोडायचा हा प्रश्न उरतोच, आणि तो सोडवताना मुलं अक्षरशः एकमेकांच्या अंगावर पडतात. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की जुना दिसतो. (पावसाळ्यात कोकणात तो वाळतच नाही, तेव्हा हे काम मे महिन्यात उरकावं.) एक मात्र कळकळीनं सांगतो. घरातल्या जुन्या दप्तरातलं खरं मोडी पत्र खेळायला देऊ नका. छायाप्रत काढा. तो कागद एकदा फाटला की फाटला.

मोडी नको असेल तर बाळबोधीतच अक्षरं सरकवावीत. इंग्रजीत २६ अक्षरांचं चक्र फिरवलं की झालं. आपल्याकडे काना-मात्रांचं काय करायचं, इथं लोक अडतात. सोपा उपाय असा की काना-मात्रा आणि स्वर जागच्या जागी ठेवायचे आणि 'क'पासून 'ळ'पर्यंतची व्यंजनं तेवढी एकेक घर पुढे सरकवायची. शेवटच्या 'ळ'नंतर पुन्हा 'क'. मग 'आपटा'चं 'आफठा' होतं आणि 'कर्नाळा'चं 'खल्पाका'. काना-मात्रा उघड्या राहिल्यानं कोडं थोडं सोपं होतं. ते बरंच आहे. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या टाचणीनं जोडल्या की चक्र तयार.

आणि ज्याला कागदही लागत नाही अशी आपली जुनी विद्या म्हणजे करपल्लवी. हाताच्या एका खुणेनं वर्ग सांगायचा. नागाचा फणा म्हणजे स्वर, कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार म्हणजे ट-वर्ग, असं पुढे. मग बोटं दाखवून त्या वर्गातलं कितवं अक्षर ते सांगायचं आणि चुटक्या वाजवून मात्रा. सूत्रधारानं गडावरचा पहारेकरी होऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहावं आणि एकही शब्द न बोलता निरोप द्यावा. इथं प्रॉपर्टी म्हणजे माणसाचा हातच.

तिसरी वस्तू पेटी. आकड्यांचं कुलूप हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पण विकत घेण्याआधी थोडा हिशेब करा. तीन आकडी कुलपाच्या जुळण्या १,०००. एकेकीला दोन सेकंद धरले तर फार तर ३३ मिनिटांत ते कोड्याकडे न बघताच उघडतं, आणि प्रत्येक घरात असं चिकट मूल एक तरी असतंच. चार आकडी घेतलं तर जुळण्या १०,०००. म्हणजे साडेपाच तास. तितका वेळ कोणी बसत नाही.

इथवर कारागिरी झाली. खरी अडचण पुढेच आहे. फासे टाकतो तेव्हा पात्राची परीक्षा होते. कोडं हातात दिलं की परीक्षा होते ती समोर बसलेल्या माणसाची. ज्यानं अक्षरशत्रू गुराखी घेतला आहे, तो मुलगा शाळेत हुशार असला तर पत्र तोच ओढून घेतो आणि वाचून मोकळा होतो. ज्या मुलीनं मोठ्या हौसेनं कारकून घेतला, ती वाचनात जरा मागे असेल तर नुसती बघत राहते. फाशांच्या खेळात ती शूर, शहाणी, काहीही होऊ शकत होती. आपण कौतुकानं बनवलेल्या वस्तूनं तिला पुन्हा वर्गातल्या मागच्या बाकावर बसवलं. क्योटोमध्ये २००७ साली सुरू झालेल्या एस्केप रूममध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथं प्रत्येक जण मुळात स्वतःच म्हणून आत जातो. इथं मात्र सोंगासाठीच तर सगळे जमलेले असतात.

म्हणून माझ्या मते किल्ली पात्राकडे असावी. मोडीचा तक्ता फक्त कारकुनाच्या चिठ्ठीवर. करपल्लवीच्या खुणा गुराख्याच्या, कारण डोंगरावरून हातवारे करणं त्याचं रोजचं. कुलपाचे शेवटचे दोन आकडे लोहाराला माहीत, कारण गोष्टीत ते कुलूप त्यानंच केलं. नावाड्याला भरती-ओहोटीची वेळ ठाऊक, आणि पहिले दोन आकडे तीच. आता पत्र एकाच्या हातात राहूच शकत नाही. 'तुझा तक्ता दाखव' असं हुशार मुलालाही त्या मुलीला म्हणावंच लागतं. ज्याला नीट दिसत नाही किंवा वाचता येत नाही, त्याच्यासाठी हाताला लागणारी खूण ठेवावी: दोरीच्या गाठी, वेगवेगळ्या खाचांची लाकडं. गाठी मोजायला अंधारातही जमतं.

कोडं सुटलंच नाही तर? गोष्ट थांबता कामा नये. पेटी फोडता आली पाहिजे, पण त्याची किंमत मोजावी लागेल: आवाज होईल, पहारेकरी जागा होईल. सुटलं तर आयती वाट, नाही सुटलं तर अवघड वाट, पण वाट हवीच. शिवाय बनवलेली वस्तू आधी गोष्ट माहीत नसलेल्या एखाद्याच्या हातात देऊन पाहावी, शेजारच्या काकूंच्या सुद्धा. पंधरा मिनिटांत काहीच हाती लागलं नाही तर पत्राच्या मागे लिंबाच्या रसानं एक ओळ लिहून ठेवा. कागदावरून गरम इस्त्री फिरवली की ती तपकिरी होऊन उमटते. इस्त्री मात्र मोठ्यांनीच धरावी.