टांग्याच्या चाकाचे आरे

बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडली की गोराईच्या धक्क्याबाहेर टांगे उभे असत. पळत्या वाहनाचा फोटो काढायला मी तिथे शिकलो. शर्यतीच्या मोटारी जवळपास नव्हत्याच. जुहूच्या धावपट्टीवर त्या कधीकाळी पळायच्या, पण ते आमच्या जन्माआधीचं. हात बसवायला मात्र टांगा उत्तम. तो हळू जातो, पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्या चाकाला मोजता येतील असे आरे असतात.

पहिल्या दिवशी मी कॅमेरा स्थिर धरला, शटर १/३० सेकंदावर ठेवलं आणि टांगा समोरून आडवा जाताना बटण दाबलं. घोडा पुसला गेला, गाडीवानाचं धुकं झालं. चाक मात्र बघण्यासारखं आलं होतं. जमिनीजवळचे आरे ओळखू येत होते आणि वरचे पार नाहीसे. कॅमेऱ्यात बिघाड आहे असं वाटलं. बिघाड नव्हता. घरंगळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो आणि सर्वांत वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. टांगा असो की फॉर्म्युला वनची गाडी, हिशेब तोच.

मग कॅमेरा टांग्याबरोबर वळवत नेला. याला पॅनिंग म्हणतात. आता चाकाचा तुंबा स्वच्छ आला, आरे त्याच्याभोवती सगळीकडे सारखे फिरले, गाडीवानाची टोपी स्पष्ट आली आणि मागच्या सुरूच्या झाडांचे आडवे हिरवे पट्टे झाले. टांगा तोच, रस्ता तोच. यावेळी काय स्थिर राहील ते मी ठरवलं होतं.

वेगाने जाणाऱ्या गाडीला वेगवान शटर, हा नवशिक्याचा ठाम समज असतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटरसायकल सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. १/१००० सेकंदात ती पावणेदोन सेंटीमीटरसुद्धा सरकत नाही आणि चाक जेमतेम तीन अंश फिरतं. फोटो लख्ख येतो आणि गाडी स्टँडवर लावल्यासारखी दिसते. १/६० ला तेच चाक पन्नासेक अंश फिरतं, आरे विरघळतात आणि गाडी पळायला लागते. मी १/१२५ पासून सुरुवात करायला सांगतो. तिथे जमलं की १/६०, मग १/३०. त्याखाली हौस असेल तर.

सगळी मेहनत कंबरेची. गाडी जिथे टिपायची त्या दिशेला पाय रोवायचे, कोपरं बरगड्यांना टेकवायची, कंबरेतून मागे वळून गाडी भिंगात पकडायची आणि तिच्याबरोबर फिरत यायचं. बटण दाबल्यावर थांबायचं नाही. चेंडू बॅटला लागल्यावर फलंदाज बॅट रोखत नाही, तसंच. अंतरही सांभाळा. ६० च्या वेगाची गाडी १० मीटरवरून गेली तर ऐन समोर असताना सेकंदाला सुमारे ९५ अंशांनी वळावं लागतं. २० मीटरवरून गेली तर निम्मं. रस्त्याला चिकटून उभं राहणारा धोका पत्करतो आणि फोटोही घालवतो.

गोराईच्या दुपारी आणखी एक अडचण. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ ठेवलं तर १/१०० सेकंद पुरतं. १/३० ला फोटो पांढरा पडणार. भिंगावर एनडी-८ हा काळसर फिल्टर लावला की प्रकाश आठपट घटतो आणि काम होतं. नाहीतर सरळ संध्याकाळी जा. कॅमेऱ्यातली थरथर रोखणारी सोय पॅनिंगच्या मोडवर नसेल तर बंद करा. ती तुमच्या वळण्यालाच थरथर समजू शकते.

पहिल्या महायुद्धाआधी ज्याक आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने शर्यतीतल्या मोटारीचा एक फोटो काढला. त्यात चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि प्रेक्षक उलट दिशेला कललेत. त्याच्या शटरची फट काचेवरून सरकत जाई, म्हणजे चित्राचा प्रत्येक पट्टा वेगळ्या क्षणी उमटे. त्यात त्याने कॅमेरा वळवला खरा, पण गाडीपेक्षा हळू. चाक गाडीबरोबर पुढे निसटलं, माणसं मागे राहिली. मोबाईलमधून धावत्या लोकलबाहेरचे खांब तिरके येतात, त्यामागेही ओळीओळीने चित्र टिपण्याचंच कारण आहे. तांत्रिकदृष्ट्या ही चूकच, पण त्या फोटोइतका वेग मला निर्दोष फोटोंत क्वचितच दिसला.

नाशिकच्या रॅलीत मातीवर नियम थोडे बदलतात. तिथे १/१००० चालतं, कारण हवेत लटकलेले खडे आणि धुळीचा लोट वेग सांगून टाकतात. डांबरावर ती सोय नाही. अंगावर येणाऱ्या गाडीला पॅनिंगचा उपयोग नाही, ती भिंगात आडवी सरकतच नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला तर उभंच राहू नका. घसरलेली गाडी तिकडेच येते.

आणि फुकट गेलेले फोटो मोजू नका. १/३० ला माझे तिसातले दोन-तीन धड येतात. परवा उत्तनकडून येणाऱ्या मोटरसायकलींवर दोन तास घालवले. हेल्मेटची काच, हँडल, चाकाचा मध्य असं सगळं जुळून आलेला एकच फोटो निघाला, आणि त्यात मागच्या पट्ट्यांतून एक कुत्रा अर्धवट उमटलाय. तो बहुधा गाडीबरोबर धावत होता.