डीएनएस बंद पाकिटात गेलं, आता चाळणी कुठे लावायची?

पेट पास झालात, मुलाखत जवळ आली आणि सिनॉप्सिसवर ‘नेटवर्क सिक्युरिटी’ एवढंच लिहिलेलं आहे, अशा अवस्थेत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एवढ्या मोठ्या शब्दांत संशोधनाचा प्रश्न मावत नाही. त्यातला एकच तुकडा आज घेऊ: ब्राउझर नावावरून पत्ता विचारतो तो सवाल आता कुलूपबंद जाऊ लागला आहे, मग नेटवर्क चालवणाऱ्याने नको त्या साइट्स गाळायच्या कशा? आणि मुळात गाळाव्यात का?

आधी मूळ गोष्ट. तुम्ही वेबसाइटचं नाव टाकता, पण यंत्राला लागतो आकड्यांतला पत्ता. तो शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली, आणि आजही पाया आहे तो १९८७ च्या दोन दस्तऐवजांचा, आरएफसी १०३४ आणि १०३५. तेव्हा जाळ्यावरचे लोक एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे सवाल उघडाच जायचा, पोर्ट ५३ वरून. पोस्टकार्डासारखा. पोस्टमन वाचणार, वाड्यातले वाचणार, ज्याच्या हातात पडेल तो वाचणार. शिवाय कुणी मधल्या मधे मजकूर बदलून दिला तरी घेणाऱ्याला कळणार नाही.

या पोस्टकार्डाचं आंतरदेशीय पत्र करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला डीओटी, म्हणजे टीएलएसच्या आवरणात डीएनएस. मे २०१६ चा आरएफसी ७८५८. याला स्वतंत्र पोर्ट आहे, ८५३. आत काय लिहिलंय ते दिसत नाही, पण ‘डीएनएसचं पत्र चाललंय’ एवढं पोर्टवरून कळतं. दुसरा डीओएच, ऑक्टोबर २०१८ चा आरएफसी ८४८४. हा सवाल साध्या वेब-वाहतुकीत मिसळून पोर्ट ४४३ वरून जातो. बँकेची साइट, व्हिडिओ आणि डीएनएसचा सवाल, सगळं एकाच गर्दीत. (मराठीत हा ‘डोह’ झाला हे मला फार आवडतं. तळ दिसत नाही.)

आता हे कुणाला टोचतं ते बघा. त्यासाठी लांब जायला नको, मुळशी तालुका पुरे आहे.

हिंजवडी मुळशीतच येते. तिथल्या कुठल्याही मध्यम कंपनीत काही नावं फक्त आतल्या जाळ्यात अर्थ असलेली असतात: पगाराचं पोर्टल, कोड ठेवायचा सर्व्हर, चाचणीची यंत्रं. ही नावं कंपनीच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरलाच माहीत. कर्मचाऱ्याचा ब्राउझर परस्पर बाहेरच्या डीओएच सेवेला विचारू लागला तर दोन गोष्टी होतात. उत्तर ‘असं नाव नाही’ असं येऊन आतली साइट उघडत नाही, आणि आतल्या यंत्रांची नावं बाहेरच्या कुणाकडे तरी पोचतात. इथे व्यवस्थापकाची तक्रार खरी आहे, त्यात दुसऱ्याच्या खासगीपणात नाक खुपसण्याचा भाग नाही. आणि लॅपटॉप कंपनीचाच असतो, त्यामुळे उपायही सोपा: धोरणाने ब्राउझरचा डीओएच बंद करा किंवा कंपनीच्याच डीओएच सर्व्हरकडे वळवा. प्रश्न मिटला. संशोधनाला इथे फारसं काही उरत नाही.

लवळ्याच्या बाजूला निवासी शिक्षणसंस्था आहेत, आणि खरी गुंतागुंत वसतिगृहात आहे. फोन विद्यार्थ्याचा, वाय-फाय संस्थेचं. इथे धोरण लादायला हातात यंत्रच नाही. आणि डीएनएसच्या नोंदी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. त्यात तुम्ही वाचलेलं पान नसतं, पण नाव असतं, वेळ असते आणि कुठल्या उपकरणावरून विचारलं तेही असतं. रात्री दोन वाजता नैराश्यावरच्या मदतीच्या साइटचं नाव, पाठोपाठ एका रुग्णालयाचं. पान उघडून बघायची गरजच राहत नाही. त्याच नोंदींतून दुसरीकडे हेही कळतं, की अमुक खोलीतला लॅपटॉप दर तीस सेकंदांनी एका विचित्र नावाला साद घालतोय, म्हणजे त्यात मालवेअर शिरलाय. एकाच वहीत दोन्ही. म्हणून ‘विद्यार्थ्यांचा खासगीपणा विरुद्ध जुलमी ॲडमिन’ अशी मांडणी घेऊन मुलाखतीला जाऊ नका. समिती ती दोन मिनिटांत उधळून लावेल.

बरं, वसतिगृहाचा ॲडमिन करू काय शकतो?

पोर्ट ८५३ बंद करणं सगळ्यात सोपं. पण परिणाम बघा. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे आणि तिच्या दोन चालू अवस्था आहेत. ‘ऑटोमॅटिक’ असेल तर फोन ८५३ वर प्रयत्न करतो, नाही जमलं तर गुपचूप उघड्या डीएनएसवर येतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. कुणी सेवेचं नाव हाताने टाकलं असेल तर फोन माघार घेत नाही, सरळ ‘इंटरनेट नाही’ म्हणतो. म्हणजे एका फायरवॉल नियमाने बेसावध विद्यार्थी उघडा पडतो आणि सावध विद्यार्थी तक्रार घेऊन येतो. तक्रारींच्या संख्येवरून नियमाचा परिणाम मोजणाऱ्याची हमखास फसगत.

डीओएच रोखणं याहून अवघड. पोर्ट ४४३ बंद करता येत नाही, सगळं वेबच बंद पडेल. मग ओळखीच्या डीओएच सेवांच्या पत्त्यांची यादी करून ते अडवायचे. पण डीओएच सर्व्हर कुणीही उभारू शकतो, त्यामुळे यादी कायम अपुरी. फायरफॉक्सने २०१९ मध्ये एक मधला मार्ग काढला: ठरावीक एक नाव आहे, नेटवर्कच्या डीएनएसने त्याला ‘असं नाव नाही’ म्हटलं की ब्राउझर आपणहून चालू केलेला डीओएच बंद ठेवतो. वापरणाऱ्याने स्वतः चालू केला असेल तर मात्र ही खूण चालत नाही. क्रोमने २०२० मध्ये वेगळं धोरण घेतलं. तुमचा सध्याचा डीएनएस पुरवठादार डीओएच देत असेल तर त्याच्याचकडे बंद पाकिटात जायचं, पुरवठादार बदलायचा नाही. मला क्रोमची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. फायरफॉक्सची खूण उघड्या पोस्टकार्डावरच येते, म्हणजे ज्याच्यापासून बचाव करायचा तोही ती खोटी देऊ शकतो.

माझ्या मते योग्य वाट तिसरीच आहे: संस्थेने स्वतःचा एन्क्रिप्टेड डीएनएस चालवावा आणि फक्त मालवेअर-फिशिंगची नावं गाळावीत, तेही जाहीर करून. अनबाउंड किंवा बाइंडसारखी मोफत सॉफ्टवेअर हे करतात. अडचण आहे ती फोनला हे सांगायचं कसं, याची. नोव्हेंबर २०२३ मध्ये यासाठी दोन मानकं आली. आरएफसी ९४६२ मध्ये उपकरण नेटवर्कच्या साध्या डीएनएसलाच विचारतं, ‘तुझं बंद पाकिटाचं दार कुठे?’ पण मग खात्री करायला सर्व्हरच्या प्रमाणपत्रात त्या साध्या डीएनएसचा आकडी पत्ता असावा लागतो, आणि १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्याला सार्वजनिक प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक वसतिगृहांत नेमके तसलेच पत्ते! आरएफसी ९४६३ ही अडचण टाळतो. डीएचसीपीतूनच सर्व्हरचं नाव उपकरणाच्या हाती देतो. पण सगळी उपकरणं अजून ते वाचत नाहीत. किती वाचतात, कुठली वाचतात, न वाचणारी काय करतात? हा एका एमएससी प्रकल्पाइतका नेमका प्रश्न आहे आणि त्याला दहा जुने-नवे फोन आणि एक राउटर पुरतो.

आता पौडच्या पुढे ताम्हिणीकडे जा. तिथे इंटरनेट म्हणजे मोबाइल डेटा, आणि गाळणारा कोण, तर सेवा कंपनी, सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशावरून. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ अ आणि २००९ चे नियम हा त्याचा मुख्य आधार. त्याच नियमांतल्या सोळाव्या नियमाने आदेश गोपनीय राहतात. त्यामुळे ‘काय अडवलंय’ याचं उत्तर बाहेरून मोजूनच काढावं लागतं, आणि इथेच भारतातलं खरं संशोधन झालंय. २०१८ मध्ये दिल्लीच्या आयआयआयटीतल्या गटाने दाखवलं, की एमटीएनएल आणि बीएसएनएल डीएनएसच्या पातळीवर गाळतात, तर एअरटेल, जिओ, व्होडाफोन, आयडिया वेबच्या विनंतीतलं साइटचं नाव वाचून. पुढे २०१९ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी जिओ टीएलएस जोडणीच्या सुरुवातीला उघडं जाणारं नाव, म्हणजे एसएनआय, तपासून अडवत असल्याचं दाखवलं. २०२० च्या त्यांच्या अभ्यासात चार हजारांहून जास्त साइट्स सहा कंपन्यांवर तपासल्या, आणि प्रत्येक कंपनीची यादी वेगळी निघाली. देश एक, कायदा एक, तरी मुंबईतल्या एका घरात साइट उघडते आणि शेजाऱ्याकडे नाही.

एसएनआयचा मुद्दा नीट धरून ठेवा. पत्र बंद असलं तरी पाकिटावरचा पत्ता उघडाच असतो. म्हणून ‘डीओएच लावला की सेन्सॉरशिप संपली’ हे वाक्य चुकीचं आहे. एसएनआय झाकणारं ईसीएच हे तंत्र आलंय, पण त्याची किल्ली डीएनएसच्या उत्तरातूनच मिळते. ज्याच्या हातात डीएनएस, तो किल्लीच काढून घेऊ शकतो. फायरफॉक्स सुरुवातीला ईसीएच वापरायला डीओएच मागत होता तो म्हणूनच.

मग एखादी साइट उघडत नसेल तर दोष कुठल्या पातळीवर आहे हे कसं ओळखायचं? आधी नेटवर्कच्या डीएनएसला नाव विचारा, मग तेच डीओएचने विचारा. उत्तरं वेगळी आली की नवशिके लगेच ‘सापडलं!’ म्हणतात. थांबा. मोठ्या साइट्स मुंबईत एक पत्ता देतात, सिंगापुरात दुसरा. वेगळं उत्तर म्हणजे खोटं उत्तर नव्हे. मिळालेल्या पत्त्यावर टीएलएस जोडणी करून प्रमाणपत्र त्या साइटचंच आहे का ते बघा. ते बरोबर असेल तर डीएनएस निर्दोष. पत्ता खरा असूनही जोडणी तुटत असेल तर त्याच पत्त्यावर एसएनआयमध्ये एखादं निरुपद्रवी नाव घालून बघा. आता जोडणी टिकली तर संशय एसएनआयवर. दोन्ही वेळा तुटली तर पत्ताच अडवलाय किंवा सर्व्हरच बंद आहे. त्यासाठी दुसऱ्या देशातून तपासणी लागते. आणि हे सगळं एकदा नाही, वेगवेगळ्या वेळी अनेकदा. घाटात रेंज जाणं आणि साइट अडवली जाणं सुरुवातीला अगदी सारखं दिसतं.

नावं भारत या मराठी डोमेनमधली असतील तर आणखी एक गंमत. तारेवरून देवनागरी जात नाही, तिचं रोमन लिपीतलं सांकेतिक रूप जातं. गाळणीच्या यादीत देवनागरी नाव टाकलं आणि सॉफ्टवेअरने ते बदलून घेतलं नाही, तर ते कधीच जुळणार नाही.

हे प्रयोग दुसऱ्याच्या नेटवर्कवरून करू नका, मित्राच्या फोनवरून तर मुळीच नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात, आणि अडवलेल्या साइटचं नाव विचारलं हे त्या नोंदीत ज्याच्या जोडणीवरून विचारलं त्याच्या नावावर चढतं, तुमच्या नाही. २०१५ च्या सिगकॉम परिषदेत एन्कोर नावाचा शोधनिबंध याच कारणाने गाजला: लोकांच्या ब्राउझरमधून त्यांना न सांगता मोजमाप केलं होतं. समितीने निबंध छापला, पण नैतिकतेविषयी आक्षेपाची टीप जोडून. तुमच्या संस्थेत एथिक्स कमिटी फक्त जीवशास्त्रवाल्यांसाठी आहे असं कुणी सांगितलं, तरी अर्ज द्या. लेखी परवानगी घ्या.

शेवटी दोन प्रश्न, ज्यांना अजून चांगली उत्तरं हवी आहेत. बंद पाकिटाचा आकार आणि लय बघून आतलं नाव ओळखता येतं, हे २०२० मध्ये एनडीएसएस परिषदेत दाखवलं गेलं, आणि पाकिटात रद्दी भरून आकार सारखा केला तरी गळती पूर्ण थांबत नाही. मराठी बातम्यांच्या, सरकारी पोर्टलच्या, परीक्षांच्या साइट्सवर हे किती चालतं? दुसरा प्रश्न साध्या सभ्यतेचा आहे. ऑक्टोबर २०२० च्या आरएफसी ८९१४ ने डीएनएस सर्व्हरला कारण सांगायची सोय दिली: १५ म्हणजे आमच्या धोरणाने अडवलं, १६ म्हणजे बाहेरच्या आदेशाने, १७ म्हणजे तुम्हीच मागितलेली गाळणी. आपल्याकडचे कुठले सर्व्हर हे आकडे पाठवतात? स्वतःच्या जोडणीवरून, स्वतःच्या पुरवठादाराच्या सर्व्हरला, निरुपद्रवी चाचणी-नावांनी सुरुवात करा. पहिल्या आठवड्याच्या नोंदी जमल्या की सिनॉप्सिसचं शीर्षक बदलायला घ्या.