कटगुणचे गोऱ्हे, पुण्याचे फुले

महात्मा फुले सगळ्यांना माहीत असतात. आज त्यांच्या वडिलांविषयी, गोविंदरावांविषयी.

घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. जोतीरावांच्या पणजोबांकडे चौगुलेपण, म्हणजे गावच्या पाटलाच्या मदतनिसाचं पद, होतं. गावच्या कुलकर्ण्याशी वैर झालं आणि त्यांना पुरंदरातल्या खानवडीला यावं लागलं. आजोबा शेटिबा पुढे पुण्यात आले. राणोजी, कृष्णा आणि गोविंद हे त्यांचे तिघे मुलगे फुलमाळ्याचं काम शिकले आणि पेशव्यांच्या वाड्यावर हार-गजरे, फुलांच्या गाद्या पुरवू लागले. कामावर खूश होऊन सुमारे ३५ एकर जमीन इनाम मिळाली. गोऱ्हे मागे पडलं, लोक ‘फुले’ म्हणू लागले. ही जमीन मात्र थोरल्या राणोजींनी एकट्याने बळकावली! भाऊबंदकी कुणाला चुकलीय?

गोविंदराव मग शेती आणि फुलं-भाजीच्या दुकानावर उभे राहिले. बायको चिमणाबाई, धनकवडीच्या झगडे पाटलांची लेक. मुलं दोन, राजाराम आणि १८२७ साली जन्मलेला जोती. जोती जेमतेम वर्षाचा असताना ती गेली. गोविंदरावांनी दुसरं लग्न केलं नाही. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागरांनी पोरं सांभाळली.

लोकांचं ऐकून त्यांनी जोतीची शाळा सोडवली आणि मळ्यात कामाला लावलं. शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेबांनी समजावल्यावर १८४१ मध्ये त्याला परत शाळेत घातलं. १८४९ मध्ये मुलगा-सून शाळा चालवतात म्हणून दोघांना घराबाहेर काढणारेही हेच गोविंदराव. मला त्यांचा राग येतो, आणि कीवही. जातभाईंच्या धाकात दुकान चालवायचं होतं त्यांना.