खंडेनवमी आणि गाडीचे अंतरंग

नवरात्राची नववी माळ चढली, की घरोघरी शस्त्रे आणि अवजारे पूजेसाठी बाहेर निघतात. नांगर, विळा, सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र यांच्या पंक्तीला आता मोटारही येऊन बसली आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील, गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यासारख्या धानाच्या मुलुखातील गावीही या दिवशी ट्रॅक्टर, जीप, मोटारी न्हाऊन उभ्या राहतात. समोर झेंडूची माळ, काचेवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू! दृश्य मोठे प्रसन्न असते. दार उघडून आत डोकावले, की मात्र मन खट्टू होते. पायाशी बांधीतला सुकलेला चिखल, बैठकीच्या फटीत तणसाच्या काड्या, मागे पोत्यातून सांडलेले धान, आणि या सर्वांवर पावसाळाभर कोंडलेला कुबट दर्प.

पांडवांनी अज्ञातवास संपताच शमीवरची शस्त्रे उतरविली, अशी कथा आहे. वर्षभर झाडावर राहिलेली शस्त्रे तशीच रणात नेता येत नसतात. पावसाळाभर म्यानात पडलेले पाते पुसावे, गंज काढावा, तेल द्यावे आणि मग त्यावर फूल वाहावे, हा शस्त्रपूजेतला व्यवहार आहे. मोटारीच्या बाबतीत आम्ही फूल तेवढे ठेवले आणि पुसणे बाहेरच्या पत्र्यापुरते केले, असे खेदाने म्हणावे लागते.

आतील सफाईला कुंचा पुरत नाही. तो धूळ उडवितो आणि ती पुन्हा बैठकीवरच बसते. हेच वैगुण्य 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने हेरले. त्या वेळची यंत्रे हवा फुंकून धूळ उडवीत. बूथने खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली. ठसका लागला, पण रुमालाची खालची बाजू काळी झाली होती. त्याचे यंत्र एवढे अवजड होते की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभे करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडीत. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्यानेच साफ केले. मंगल कार्याआधी कानाकोपरा झाडण्याची बुद्धी सर्वत्र सारखीच म्हणायची!

आजचा व्हॅक्यूम क्लीनर हातात मावतो, तत्त्व तेच. विजेवर फिरणारा पंखा यंत्रातील हवेचा दाब कमी करतो, बाहेरची हवा नळीवाटे आत धावते आणि सोबत धूळ नेते. पिशवी किंवा गाळणी ती अडविते. गाडीतल्या बारा व्होल्टच्या खोबणीत लावायचे छोटे यंत्र साधारण शंभर-सव्वाशे वॅटचे असते. कोरड्या धुळीला ते पुरेल, रुतलेल्या मातीला नव्हे. तेथे घरगुती मोठे यंत्रच हवे, नाहीतर गाड्या धुणाऱ्याच्या दुकानाची वाट धरावी.

काम वरून खाली करीत यावे. पायपुसणी बाहेर काढून झटकावीत, ओली असतील तर उन्हात टाकावीत. समोरची फळी मऊ ब्रशाने, मग बैठका, शेवटी तळ. बैठक आधी पुढे व नंतर मागे सरकवून खालचे रूळ चपट्या निमुळत्या नळीने साफ करावेत. खरे धान तेथेच दडलेले असते. धानाच्या मुलुखात हे दाणे म्हणजे उंदरांना आवतण! दाण्यांसाठी आत शिरलेला उंदीर वायरीही कुरतडतो. मग ऐन दिवाळीत गाडी दारात अडून राहते, किंवा रात्रीच्या रस्त्यावर दिवे मालवतात.

काही पथ्ये मात्र कडक आहेत. ओला चिखल वा पाणी साध्या यंत्राने ओढू नये. मोटर जळते, विजेचा धक्काही बसू शकतो. सांडलेल्या पेट्रोलजवळ तर यंत्र नेऊच नये. उदबत्तीची गरम राख किंवा निखारा नळीत गेला, तर पिशवीतील धूळ पेट घेते. म्हणून सफाई पूजेच्या आदल्या दिवशी उरकावी हे उत्तम.

आणि पूजा झाल्यावर नारळ चालकाच्या पायाशी ठेवू नये. आम्हांस याचे फार भय वाटते. गडगडत तो ब्रेकच्या पट्टीखाली गेला, तर ऐन वेळी ब्रेक दाबलाच जात नाही. पाण्याच्या बाटलीचे, सुट्या पायपुसण्याचेही तेच. समोरच्या काचेआड लोंबणाऱ्या माळेने रस्ता झाकत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

एवढे झाले, की चारी दारे दोन तास उघडी ठेवून ऊन-वारा आत खेळू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी खुशाल सीमोल्लंघनास निघावे. परतताना मुलेबाळे आपट्याचे सोने मागच्या बैठकीवर उधळणारच. ती पाने चार दिवसांत वाळून चुरा होतात आणि नेमकी त्याच फटींत जाऊन बसतात. तेव्हा यंत्र माळ्यावर टाकण्याची घाई नको, दिवाळीपूर्वी ते पुन्हा लागेल.